स्पिनडब्ल्यू आणि लोहातल्या स्पिन लहरी: तीन सत्रांच्या वापरानंतरचे परीक्षण

मुंबईतल्या एका महाविद्यालयात मी एम.एस्सी.च्या वर्गाला घन अवस्था भौतिकी शिकवते, आणि गेली तीन सत्रे प्रकल्पासाठी आलेल्या विद्यार्थ्यांबरोबर ‘स्पिनडब्ल्यू’ हे सॉफ्टवेअर वापरत आहे. चुंबकीय स्फटिकातल्या स्पिन लहरींची, म्हणजे अणूंच्या सूक्ष्म चुंबकांमधून (स्पिनांमधून) पसरणाऱ्या हेलकाव्यांची, ऊर्जा दिशेनुसार कशी बदलते आणि न्यूट्रॉनच्या प्रयोगात त्या कशा दिसतील, याचा हिशेब ते करून देते. लोहाधारित अतिसंवाहकांची (विरोधाशिवाय वीज वाहू देणाऱ्या पदार्थांची) मूळ, मिसळण न केलेली संयुगे हाताळायला ते कितपत उपयोगी पडते, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे. माझा या सॉफ्टवेअरशी संबंध त्या प्रश्नामुळेच आला, आणि त्याचे गुण व त्याच्या मर्यादा दोन्ही मला तिथेच नीट दिसले.

आधी वस्तूची ओळख. स्पिनडब्ल्यू ही मॅटलॅबमध्ये चालणारी आज्ञावली आहे. ती सांडोर टोथ यांनी विकसित केली, आणि तिच्यामागची गणिती पद्धत त्यांनी व बेला लेक यांनी २०१५ साली शोधनिबंधातून मांडली. ती मुक्त परवान्याखाली मिळते, म्हणजे तिच्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत आणि तिचा कोड उघडून वाचता येतो. संकुचित फाइल उतरवायची, एका जागी उलगडायची आणि मॅटलॅबमधून ‘इन्स्टॉल स्पिनडब्ल्यू’ ही आज्ञा चालवायची, एवढ्यात काम होते. सोबतचे पाठ क्रमाक्रमाने अवघड होत जातात. पहिल्यात लोहचुंबकी साखळी आहे (शेजारचे स्पिन एकाच दिशेने), दुसऱ्यात प्रतिलोहचुंबकी साखळी (शेजारचे स्पिन एकमेकांच्या उलट). माझा अनुभव असा की हे दोन पाठ कागदावर हाताने सोडवून मग पडद्यावरच्या आलेखाशी ताडून पाहणारा विद्यार्थी पुढे कुठेही अडत नाही, आणि ते वगळून थेट आपल्या संयुगाकडे धावणारा प्रत्येक टप्प्यावर अडतो.

आता संयुगांकडे येते. २००८ च्या फेब्रुवारीत टोकियोच्या हिदेओ होसोनो यांच्या गटाने फ्लोरिन मिसळलेल्या लॅंथॅनम-लोह-आर्सेनिक ऑक्साइडमध्ये २६ केल्विनला अतिसंवाहकता जाहीर केली, आणि त्याच वर्षी समेरियमच्या भावंड-संयुगाने ५५ केल्विनपर्यंत मजल मारली. लोह हा चुंबकत्वाचा धातू, आणि चुंबकत्व अतिसंवाहकतेला मारक असते ही जुनी समजूत. त्यामुळे मिसळण न केलेले मूळ संयुग नेमके काय करते, हा प्रश्न तातडीने पुढे आला. उत्तर न्यूट्रॉननी दिले. मूळ संयुगे थंड केली की अतिसंवाहक होत नाहीत, ती पट्ट्यापट्ट्यांच्या प्रतिलोहचुंबकी रचनेत जातात: ए-अक्षावर शेजारचे स्पिन एकमेकांच्या उलट, बी-अक्षावर एकाच दिशेने, आणि सी-अक्षावर एका थरापासून दुसऱ्या थरात पुन्हा उलट. बेरियम-लोह-आर्सेनाइडमध्ये हे सुमारे १४० केल्विनला घडते, कॅल्शियमच्या संयुगात सुमारे १७२ केल्विनला. त्याच सुमारास स्फटिकाचा चौरस पाया किंचित ओढला जाऊन आयत होतो, म्हणजे टेट्रॅगोनल रचना ऑर्थोऱ्हॉम्बिक होते. या सुव्यवस्थित स्पिनांना न्यूट्रॉनने धक्का दिला की जी लहर उठते तीच स्पिन लहर, आणि ती किती ऊर्जेला उठते यावरून शेजारच्या स्पिनांमधली ओढ किती हे काढता येते. अतिसंवाहक अवस्थेत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळवणारी शक्ती याच स्पिन-हालचालींतून येते, असे या क्षेत्रातले पुष्कळ जण मानतात. म्हणून मूळ संयुगातली ही ओढ माहीत असणे गरजेचे आहे.

हे काम मुंबईच्या विद्यार्थ्याला परके वाटू नये. अप्सरा अणुभट्टी ट्रॉम्बेला ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली, पी. के. अय्यंगार कॅनडात बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्याबरोबर काम करून परतले आणि त्यांनी न्यूट्रॉन प्रकीर्णनाचे, म्हणजे पदार्थावर सोडलेले न्यूट्रॉन कसे विखुरतात ते मोजण्याचे, काम इथे उभे केले. ब्रॉकहाउस यांना त्याच तंत्रासाठी १९९४ चे नोबेल क्लिफर्ड शल यांच्याबरोबर विभागून मिळाले. आज ट्रॉम्बेला १०० मेगावॉटची ध्रुव अणुभट्टी आहे आणि तिच्या झोतांवर न्यूट्रॉन प्रकीर्णनाची उपकरणे बसवलेली आहेत. मात्र अणुभट्टीतल्या सर्वसाधारण औष्णिक न्यूट्रॉनची ऊर्जा २५ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते, आणि लोह-आर्सेनाइडमधल्या स्पिन लहरी २०० मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत चढतात. तो सगळा डोंगर पाहायला ऑक्सफर्डजवळचे आयसिस किंवा अमेरिकेत ओक रिजला असलेले केंद्र अशी स्पंदित न्यूट्रॉनांची साधने लागतात. एम.एस्सी.च्या प्रकल्पात ते शक्य नाही. प्रसिद्ध झालेले आकडे घेऊन तो डोंगर पडद्यावर पुन्हा उभा करणे मात्र शक्य आहे, आणि स्पिनडब्ल्यूची गरज तिथे लागते.

आम्ही बेरियमचे संयुग निवडले, कारण त्याचे आकडे २०११ च्या मोजमापातून स्वच्छ मिळतात. त्यांत स्पिन आणि ओढ यांचा गुणाकार दिलेला आहे: ए-अक्षावर ५९.२, बी-अक्षावर उणे ९.२, कर्णावर १३.६ आणि थरांमध्ये १.८ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट. प्रयोगातून फक्त हा गुणाकारच मिळतो, सुटी ओढ मिळत नाही. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये स्पिनचे मूल्य १ ठेवायचे आणि हे आकडे जसेच्या तसे भरायचे. या साध्या युक्तीचा उल्लेख पाठांमध्ये ठळकपणे असायला हवा होता असे मला वाटते, कारण आमच्याकडे पहिल्या सत्रात एका गटाने लोहाच्या आयनाचे पुस्तकी मूल्य म्हणून २ भरले आणि सगळा आलेख दुपटीने वर गेला.

जाळीचे आकडे दिले: ए ५.६१, बी ५.५७ आणि सी १२.९५ अँगस्ट्रॉम. अवकाश-गट (स्फटिकाच्या सममितीचा प्रकार) दिला आणि लोहाचा एक अणू बसवला की उरलेले सात सममितीने आपोआप येतात. त्रिमितीय चित्र एका आज्ञेत उघडते, माउसने फिरवता येते, आणि या क्षणी वर्गात जी शांतता पसरते ती फळ्यावरच्या कुठल्याही आकृतीने माझ्या वर्गात कधी पसरली नव्हती. लोहाचे सपाट थर एकमेकांच्या बरोबर वर आहेत, हे विद्यार्थी स्वतः पाहतात. मग ‘जेनकपलिंग’ ही आज्ञा द्यायची, ती सगळे बंध लांबीनुसार लावून त्यांना क्रमांक देते. इथे एक खाच आहे आणि ती मी सविस्तर सांगणार आहे.

शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीने ओळी टाइप केल्या. पहिल्या क्रमांकाच्या बंधाला तिने ५९.२ दिले, दुसऱ्याला उणे ९.२, तिसऱ्याला १३.६. आठ स्पिन पट्ट्यांच्या रचनेत हाताने मांडले आणि ‘स्पिनवेव्ह’ चालवले. सॉफ्टवेअर थांबले. हॅमिल्टोनियनचा (ऊर्जेच्या समीकरणाचा) मॅट्रिक्स धन-निश्चित नाही, तुमची चुंबकीय रचना बहुधा चुकलेली आहे, अशा अर्थाचा लाल मजकूर आला. तिने रचना तीनदा तपासली. रचना बरोबर होती. “मॅडम, हे आकडे तर निबंधातलेच आहेत,” ती म्हणाली, आणि तिचे म्हणणे खरे होते. मी तिला बंधांचा तक्ता छापायला सांगितले, त्यासाठी ‘टेबल’ अशी सोपी आज्ञा आहे. तक्त्यात पहिल्या बंधाची लांबी २.७९ अँगस्ट्रॉम होती आणि दुसऱ्याची २.८१. म्हणजे पहिला बंध बी-अक्षावरचा होता, ए-अक्षावरचा नव्हे, कारण आखूड बाजू बी आहे आणि सॉफ्टवेअर आखूड बंधाला आधी मोजते. तिच्या हातून दोन ओढी एकमेकींच्या जागी बसल्या होत्या. एकाच दिशेने उभ्या असलेल्या शेजाऱ्यांमध्ये तिने जबरदस्त उलटी ओढ लावली होती. अशा ओढीत पट्ट्यांची रचना टिकूच शकत नाही, आणि सॉफ्टवेअर नेमके तेच सांगत होते. क्रमांक बदलल्यावर आलेख काही सेकंदांत आला, आणि (१,१,१) या बिंदूवर (हे तीन आकडे लहरीची दिशा आणि तरंगलांबी सांगतात) तो २०२ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टला टेकला. हाच आकडा आम्ही आदल्या तासाला सूत्राने काढला होता.

हा प्रसंग मी दोष म्हणून सांगत नाही. दोन बाजूंत ०.०४ अँगस्ट्रॉमचा, म्हणजे १ टक्क्याहूनही कमी फरक आहे, आणि त्या दोन दिशांतल्या ओढी मात्र ५९ आणि उणे ९ आहेत. एक प्रतिलोहचुंबकी, दुसरी किंचित लोहचुंबकी. इतक्या किरकोळ भौमितिक फरकातून इतका मोठा चुंबकीय फरक येतो कसा, हा या संयुगांचा गाभ्यातला प्रश्न आहे, आणि त्या मुलीला तो बंधांचा तक्ता वाचताना सापडला. तिने तो मला विचारला. मी सांगितला नव्हता.

त्यानंतर आम्ही मुद्दाम उलटे करून पाहिले. दोन्ही दिशांना सरासरी ओढ दिली, म्हणजे २५.०, जणू बाजू सारख्याच आहेत. कर्णावरच्या १३.६ ची दुप्पट २७.२ होते आणि ती २५.० पेक्षा जेमतेम जास्त आहे. म्हणून पट्ट्यांची रचना टिकली, सॉफ्टवेअर थांबले नाही. पण (१,१,१) वरची ऊर्जा २०२ वरून सुमारे ८ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टवर कोसळली. डोंगराच्या जागी खड्डा. न्यूट्रॉनना तिथे खड्डा कधीच दिसलेला नाही. कॅल्शियमच्या संयुगावरच्या २००९ च्या मोजमापातही ए-अक्षावर ४९.९ आणि बी-अक्षावर उणे ५.७ असे विषम आकडे आले होते, आणि ते भरल्यावर शिखर २०६ च्या आसपास येते. दिशांमधली विषमता मान्य केल्याशिवाय या संयुगांच्या स्पिन लहरी समजत नाहीत, हे कागदावर चार ओळींत लिहिता येते. पण एका आकड्याच्या बदलाने आलेख कोसळताना पाहणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ते पाच मिनिटांत करता येते हा या सॉफ्टवेअरचा माझ्या मते सर्वांत मोठा गुण आहे.

ज्यांना ही विषमता हाताने भरणे पटत नाही, त्यांच्यासाठीही सोय आहे. काही सैद्धांतिकांनी असे सुचवले आहे की दोन्ही दिशांतली मूळ ओढ एकच असते, आणि तिच्या जोडीला स्पिनांच्या गुणाकाराच्या वर्गाशी निगडित अशी द्विवर्गी ओढ असते; पट्ट्यांची रचना एकदा उभी राहिली की ती द्विवर्गी ओढच ए-अक्षावर भर घालते आणि बी-अक्षावर तितकीच वजावट करते. आकडे मांडले तर २५.० अधिक ३४.२ म्हणजे ५९.२, आणि २५.० उणे ३४.२ म्हणजे उणे ९.२. स्पिनडब्ल्यूमध्ये बंधाचा प्रकार ‘बायक्वाड्रॅटिक’ असा देता येतो, आणि तो चालतो.

ऊर्जेच्या तळाशी असलेल्या फटीचा भाग थोडक्यात सांगते, पण तो वगळू नये. बेरियमच्या संयुगात स्पिन लहरी शून्यापासून सुरू होत नाहीत. सुमारे १० मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत काहीच दिसत नाही. स्पिनना ए-अक्ष पसंत असतो, त्यातून ही फट पडते. विद्यार्थी सहजच ही पसंतीही १० च्या घरातली धरून चालतात. आम्ही फक्त ०.१४ दिले आणि फट १० वर आली. लहान संख्येचा आणि मोठ्या ओढींच्या बेरजेचा गुणाकार वर्गमुळाखाली बसतो, म्हणून थेंबभर पसंतीतून एवढी फट उघडते. हे सूत्रात दिसत असतेच, पण आकडा बदलून तळ वर-खाली सरकताना पाहिला की ते डोक्यात बसते.

पुढचा टप्पा आठ रेषांचा. एकक पेशीत लोहाचे आठ अणू असल्यामुळे आलेखावर आठ शाखा येतात, आणि निबंधातल्या चित्रात इतक्या नसतात म्हणून विद्यार्थी घाबरतात. ‘एसडब्ल्यू-न्यूट्रॉन’ ही आज्ञा चालवली की यांतल्या किती शाखा न्यूट्रॉनना खरोखर दिसतील हे कळते. बहुतेकांची तीव्रता शून्य असते आणि त्या रंगीत आलेखातून नाहीशा होतात. ऊर्जा असणे आणि दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा इथे विनासायास मिळतो.

जुळ्या स्फटिकांची सोय मला फार आवडली. बेरियमचे संयुग थंड होताना आपल्या मर्जीने काही भागांत एका दिशेला ओढले जाते, काही भागांत तिच्या काटकोनातल्या दिशेला. त्यामुळे प्रयोगात ए आणि बी दिशांचे संकेत एकमेकांवर पडतात, आणि दिशांमधल्या विषमतेवर ठाम बोलणे अवघड होते. ‘ॲडट्विन’ आज्ञेने सी-अक्षाभोवती ९० अंशांनी फिरवलेली दुसरी प्रत जोडता येते. आम्ही एकाच पानावर दोन आलेख छापले, एक जुळ्यासकट आणि एक जुळ्याविना. जुळ्यासकट आलेखात वरच्या ऊर्जेला दोन्हीकडून आलेले संकेत मिसळून एक झाले होते, आणि कुठला कोणाचा हे सांगता येत नव्हते. एका दिशेने दाब देऊन जवळपास पूर्णपणे एकसंध केलेल्या बेरियम-लोह-आर्सेनाइडच्या स्पिन लहरी २०१८ साली संपूर्ण मोजल्या गेल्या. त्या प्रयोगासाठी इतके कष्ट का घेतले गेले असतील, हे त्या पानावर समजते.

इथून पुढे मर्यादा सुरू होतात, आणि त्या जाणून घेतल्याशिवाय हे सॉफ्टवेअर कोणाला सुचवणे मला बरोबर वाटत नाही. स्पिनडब्ल्यू रेषीय स्पिन-लहर सिद्धांतावर चालते. त्यात प्रत्येक अणूवर एक ठरावीक लांबीचा स्पिन आहे, तो जागेवरून हलत नाही, आणि लहर एकदा उठली की मरत नाही, असे गृहीत धरलेले असते. ही संयुगे धातू आहेत. त्यांतले इलेक्ट्रॉन फिरते असतात, आणि स्पिन लहर त्यांच्यात आपली ऊर्जा सांडून विरून जाते. प्रयोगात १०० मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर संकेत रुंद होत जातात, आणि बेरियमच्या संयुगात ए-अक्षाच्या दिशेने ते अधिक विरतात. स्पिनडब्ल्यूच्या आलेखात मात्र रेषा शेवटपर्यंत धारदार राहते. उपकरणाच्या रिझोल्यूशनची रुंदी तिला देता येते, पण ती रुंदी उपकरणाची, लहरीच्या मरण्याची नव्हे. विद्यार्थी ही रुंदी वाढवत नेऊन आलेख निबंधातल्या चित्रासारखा दिसायला लावतात आणि जुळले म्हणून खूश होतात. मी ते खोडून काढते. तसे जुळवणे चुकीचे आहे.

स्पिनच्या लांबीचेही तेच. पट्ट्यांच्या रचनेत प्रत्येक लोहअणूचे सुव्यवस्थित चुंबकत्व बेरियमच्या संयुगात ०.८७ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचे एकक) आहे. सगळ्या ऊर्जांवर मोजलेल्या हालचालींची बेरीज केली तर लोहामागे बोर मॅग्नेटॉनच्या वर्गात सुमारे ३ येते, म्हणजे जणू स्पिन १/२ चा अणू. पूर्ण जागेवर बसलेल्या लोहआयनाचा स्पिन २ धरला तर हीच बेरीज २४ यायला हवी होती. इतकी तफावत असलेल्या पदार्थाला जागच्या जागी बसलेल्या स्पिनांचे चित्र लावणे म्हणजे एक सोयीचे कोष्टक वापरणे होय. २०१८ च्या एकसंध स्फटिकाच्या मोजमापातून त्या संशोधकांनी काढलेला निष्कर्षही असाच आहे की, इलेक्ट्रॉनांमधली मध्यम परस्परक्रिया धरलेले फिरत्या इलेक्ट्रॉनांचे चित्र तो वर्णपट नीट समजावते. तेव्हा ५९.२ आणि उणे ९.२ हे आकडे वर्णनासाठी उत्तम आहेत, कारण म्हणून त्यांच्याकडे पाहू नये.

तापमान ही तिसरी अडचण. विषमता टेट्रॅगोनल अवस्थेतही, म्हणजे पट्ट्यांची रचना मोडल्यावरही, वरच्या ऊर्जेला टिकून राहते हे २०११ च्याच कामाचे मुख्य प्रतिपादन होते, आणि त्याला इतके महत्त्व मिळण्याचे कारण असे की, त्याच तापमानाला इतर मापनांत दिसणारी इलेक्ट्रॉनांची दिशा-विषमता त्यातून उलगडते. हे स्पिनडब्ल्यूमध्ये दाखवता येत नाही. सॉफ्टवेअरला आधी सुव्यवस्थित रचना हवी. ती मोडली की हिशेबाला आधारच राहत नाही. तापमान देण्याची सोय आहे, पण ती फक्त लहरींची संख्या बदलते, ओढ किंवा रचना बदलत नाही. माझ्या दुसऱ्या सत्रातल्या गटाचे तीन आठवडे याच गैरसमजात गेले, आणि ते मी वेळीच थांबवायला हवे होते.

लोहाच्याच इतर मूळ संयुगांत अनुभव वेगवेगळा आला. पोटॅशियम-लोह-सेलेनाइडमध्ये चार-चार स्पिनांचे गठ्ठे एकमेकांच्या उलट उभे असतात, चुंबकत्व लोहामागे ३.३ बोर मॅग्नेटॉन आहे आणि रचना ५५९ केल्विनपर्यंत टिकते. अशा ठिकाणी जागच्या स्पिनांचे चित्र साजेसे ठरते, आणि त्याच कुटुंबातल्या रुबिडियमच्या संयुगाचा आलेख आमच्याकडे चांगला उतरला. सोडियम-लोह-आर्सेनाइडचे चुंबकत्व फारच क्षीण आहे, तिथे मी हे साधन वापरणार नाही. लोह-सेलेनाइडमध्ये तर सर्वसाधारण दाबाला चुंबकीय रचना उभीच राहत नाही, म्हणून तिथे प्रश्नच मिटला.

खर्चाचे सांगायचे तर स्पिनडब्ल्यू फुकट असले तरी मॅटलॅब फुकट नाही. ज्या महाविद्यालयाकडे किंवा विद्यापीठ-विभागाकडे त्याचा सामायिक परवाना आहे तिथे अडचण नाही. स्वतःच्या खिशातून घ्यायचे तर विद्यार्थ्याने आधी विचार करावा. ज्यांना मॅटलॅब टाळायचे आहे त्यांनी ज्युलिया भाषेतले ‘सनी’ पाहावे. तेही मुक्त आहे, स्पिन-लहर सिद्धांताबरोबर अभिजात स्पिनांची हालचालही ते मोजते, त्यामुळे रचना मोडल्यानंतरच्या तापमानाचा प्रश्न निदान विचारता येतो. मात्र नवख्यासाठी स्पिनडब्ल्यूचे पाठ मला अधिक सोपे वाटले. लॅपटॉप साधा चालतो. एका दिशेतला आलेख आमच्या सहा-सात वर्षे जुन्या यंत्रावरही क्षणात येतो. भुकटीच्या नमुन्यासाठी सगळ्या दिशांची सरासरी काढायची असेल तर मात्र वेळ लागतो, आणि जुलैच्या पावसात वीज गेल्यामुळे अशी एक सरासरी आमच्याकडे दोनदा पहिल्यापासून करावी लागली. मधले निकाल साठवत जाण्याची सवय लावून घ्यावी.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, सूत्र हाताने सोडवून झाल्यावर, १०० मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खालच्या भागासाठी मी हे सॉफ्टवेअर निःशंकपणे सुचवते. त्याच्या वरचा भाग शिक्षकाने शेजारी बसून, मोजलेला वर्णपट बाजूला ठेवून दाखवावा. आणि पहिल्या दिवशी बंधांचा तक्ता छापून घ्यावा. त्या विद्यार्थिनीची फाइल आता पुढच्या गटाकडे गेली आहे, आणि तिच्या पहिल्याच ओळीत, आज्ञा सुरू होण्याच्या आधी, तिने मराठीत टीप लिहून ठेवली आहे: पहिला बंध बी-अक्षावरचा, २.७९, दुसरा ए-अक्षावरचा, २.८१, थरांमधला बंध आठवा.